ई-ऑफिस कार्यालयात रुजवताना: कर्मचाऱ्यांच्या आक्षेपांपासून नोंदवही बंद करण्यापर्यंतचा कामाचा क्रम

तहसील किंवा तत्सम तालुकास्तरीय कार्यालयात ई-ऑफिस (नस्ती, म्हणजे फाइल, कागदाऐवजी संगणकावर चालवण्याची शासकीय प्रणाली) सुरू करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली आहे, अशा कार्यालयप्रमुखांसाठी आणि अव्वल कारकुनांसाठी हा लेख आहे. बहुतेक ठिकाणी या कामाचा क्रम उलटा लागतो. आधी आदेश निघतो, मग एक दिवसाचे प्रशिक्षण होते, मग लॉगिन मिळतात आणि काम अडू लागल्यावर कर्मचाऱ्यांना अडचण विचारली जाते. दोन महिन्यांनी पाहावे तर टपाल संगणकावर नोंदले जाते, त्याची प्रिंट निघते, ती प्रिंट कागदी नस्तीत लागते, नस्तीवर पेनाने टिपणी होते आणि सही झालेला कागद पुन्हा स्कॅन करून प्रणालीत चढवला जातो. अहवालात मात्र कार्यालय शंभर टक्के ई-ऑफिसवर असते.

असे झाले की दोष कर्मचाऱ्यांच्या मानसिकतेवर टाकला जातो. या कामात काही वर्षे घालवल्यानंतर मला त्या नकारामागे दोन कारणे पुन्हा पुन्हा दिसली. एकच काम दोनदा करावे लागणे हे पहिले, आणि चूक झाल्यास उत्तर कोणी द्यायचे हे न ठरणे हे दुसरे. पुढचे टप्पे याच दोन गोष्टी आधी मिटवण्यासाठी लावलेले आहेत, त्यामुळे त्यांचा क्रम बदलू नये.

## टप्पा १: एका अर्जाचा माग काढा

प्रणालीला हात लावण्यापूर्वी एक खराखुरा अर्ज निवडा. अतिवृष्टीचे अनुदान खात्यावर जमा झाले नाही, असा शेतकऱ्याचा अर्ज घेतला तर उत्तम, कारण तो बऱ्याच टेबलांवरून जातो. बारनिशीत (टपालाच्या आवक-जावक शाखेत) तो आल्यापासून अर्जदाराला उत्तर जाईपर्यंत त्याच्यासोबत स्वतः फिरा. आवक नोंद, तहसीलदारांचे मार्किंग, शाखेतील वाटप, कार्यविवरण नोंदवही (कर्मचाऱ्याकडे आलेल्या कागदांची नोंद), तलाठ्याकडून अहवाल, महसूल सहायकाची टिपणी, अव्वल कारकुनाचा शेरा, नायब तहसीलदारांची शिफारस, सही आणि जावक, अशा प्रत्येक मुक्कामावर कोण काय लिहितो आणि कुठे लिहितो ते कागदावर उतरवा.

हा माग काढताना नियमपुस्तिकेत नसलेले काम दिसते. एका कार्यालयात मी असाच नस्तीमागून गेलो होतो. शिपाईमामांनी साहेबांच्या दालनात शिरण्यापूर्वी गठ्ठ्यातल्या नस्त्यांचा क्रम बदलला आणि आमची नस्ती तळातून काढून वरून तिसरी ठेवली. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "साहेब बैठकीला निघायच्या आधी चार-पाच सह्या करतात. पहिल्या दोन कलेक्टर ऑफिसच्या असतात, त्यांच्या खाली हे ठेवलं की होऊन जातं." कोणती नस्ती आधी पुढे सरकवायची, हा निर्णय वर्षानुवर्षे शिपाईमामा घेत होते. ई-ऑफिस आले की हे काम आणि त्यासोबतचा मान दोन्ही जातात. असे काम कोणाकोणाचे जाणार आहे याची यादी या टप्प्यातच झाली पाहिजे.

पडताळणी: तुमच्या कागदावर एकच माहिती तीन ठिकाणी लिहिली जात असल्याचे दिसत नसेल, तर माग नीट काढलेला नाही. पुन्हा फिरा.

## टप्पा २: आक्षेप टेबलनिहाय लिहून घ्या

सर्वांना सभागृहात बसवून "कोणाला काही अडचण आहे का?" असे विचारू नये. तिथे कोणी बोलत नाही, आणि जो बोलतो तो सर्वांच्या वतीने बोलत असल्याने त्याची स्वतःची अडचण बाजूलाच राहते. प्रत्येक टेबलाशी दहा मिनिटे बसा आणि एकच प्रश्न विचारा: उद्यापासून हे काम संगणकावर करायचे झाले तर तुमचे नेमके काय अडेल? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

नंतर ही उत्तरे चार रकान्यांत वाटा: साधनांची अडचण, येण्या-न येण्याची अडचण, जबाबदारीची भीती, आणि मान किंवा हितसंबंध दुखावण्याची अडचण. हे वर्गीकरण चुकले की पुढचे सगळे चुकते, म्हणून इथे घाई नको. टंकलेखन येत नसलेल्याला नोटीस बजावणे जितके निरर्थक, तितकेच जबाबदारीला घाबरणाऱ्याला आणखी एक प्रशिक्षण देणेही निरर्थक असते.

सर्वाधिक गफलत पहिल्या रकान्याबाबत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला तो तंत्रज्ञानाला विरोध वाटला असता. त्यांच्या तक्रारी मात्र अगदी नेमक्या होत्या. मोबाइल कमी क्षमतेचे होते आणि वारंवार बिघडत होते, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी पडत होता आणि माहिती भरायचे अ‍ॅप इंग्रजीत होते. ई-फेरफारच्या (जमिनीच्या फेरफार नोंदी संगणकावर घेण्याच्या प्रणालीच्या) सुरुवातीच्या वर्षांत दिवसा सर्व्हर चालत नसल्याने तलाठी रात्री जागून नोंदी करत असत. रात्री जागून काम करणाऱ्या माणसाला बदलाचा विरोधक म्हणणे हा अन्यायच आहे.

चौथ्या रकान्याबद्दल उघड कोणी बोलणार नाही. नस्ती कुठे आहे हे फक्त मलाच माहीत, यातच काहींचे वजन असते, आणि काही ठिकाणी त्या वजनाचे मोलही घेतले जाते. तिथे समजावणीचा उपयोग नसतो. नस्तीचा प्रवास सर्वांना दिसू लागला की ते वजन आपोआप उतरते. मात्र या एका रकान्यावरून सगळ्यांचे आक्षेप संशयाने पाहू नयेत.

## टप्पा ३: आदेशापूर्वी संघटनेशी बोला

आदेश निघाल्यावर संघटनेला बोलावले तर ती विरोधाची भूमिका घेऊनच येते. आदेशाचा मसुदा हातात असतानाच पदाधिकाऱ्यांशी बैठक घ्या आणि तिचे इतिवृत्त त्याच दिवशी सर्वांना द्या. तिथे एमएस-सीआयटीचा (संगणक साक्षरतेच्या परीक्षेचा) विषय निघेल, हे गृहीत धरा. मुदतीत परीक्षा उत्तीर्ण न झाल्याने वेतनवाढ रोखली गेल्याची आणि दिलेल्या रकमेची वसुली निघाल्याची आठवण जुन्या कर्मचाऱ्यांत अजून ताजी आहे. संगणक हा शब्द ऐकताच त्यांना वसुली आठवते. "तो विषय वेगळा होता" असे म्हणून तो झटकू नका. या वेळी कोणत्याही परीक्षेचा वेतनवाढीशी संबंध नाही, हे लेखी नोंदवा.

आपल्या अधिकारात नसलेले आश्वासन देऊ नका. नवे पद, नवा भत्ता किंवा कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर कार्यालयप्रमुखाच्या हातात नसतो. कामाचे वाटप, नोंदवह्या बंद करणे आणि मुदतीत सवलत या गोष्टी त्याच्या हातात असतात. तेवढ्याच बोला आणि बोललेल्या पाळा.

## टप्पा ४: चूक कोणाची हे आधी ठरवा

कागदी नस्तीत टिपणीची तारीख मागेपुढे करता येत असे. ई-ऑफिसमध्ये नस्ती केव्हा आली, केव्हा उघडली आणि केव्हा पुढे गेली, हे मिनिटांसह नोंदले जाते. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या २००५ च्या अधिनियमानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ प्रलंबित राहू नये. हा नियम सर्वांना ठाऊक आहे, पण कागदावर तो ताणता येत असल्याने कोणाला बोचत नव्हता. आता तो बोचणार, हे कर्मचाऱ्यांना आपल्याआधी कळलेले असते.

यावर उपाय म्हणून एक लेखी कार्यालयीन सूचना काढा. तिच्यात निदान पुढील चार बाबी असाव्यात:

१. पहिले ३० दिवस प्रणालीतील विलंबाची आकडेवारी केवळ अडचणी शोधण्यासाठी वापरली जाईल. तिच्या आधारे कारणे दाखवा नोटीस निघणार नाही. कायद्याची मुदत मात्र कायम राहील.

२. वीज किंवा नेटवर्क नसल्याने काम अडले तर त्याची नोंद एका साध्या वहीत वेळेसह करावी आणि कार्यालयप्रमुख दर शुक्रवारी तिच्यावर सही करतील.

३. नस्ती चुकीच्या टेबलावर गेल्यास ती परत पाठवणे ही चूक मानली जाणार नाही. ती तशीच ठेवून देणे ही चूक मानली जाईल.

४. विलंबाच्या आकडेवारीत कार्यालयप्रमुखांचे स्वतःचे टेबलही दाखवले जाईल.

चौथी बाब टाळण्याचा मोह फार होतो, परंतु तिच्याविना पहिल्या तीनवर कोणी विश्वास ठेवत नाही.

डिजिटल सहीबाबतही इथेच स्पष्टता द्या. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना आणि सह्यांना कायदेशीर मान्यता दिलेली आहे, त्यामुळे "लेखापरीक्षणात हे चालेल का?" या प्रश्नाला तोंडी धीर न देता त्या अधिनियमाचा हवाला लेखी द्यावा.

इशारा: डीएससीचा (डिजिटल सही प्रमाणपत्राचा) डोंगल आणि त्याचा पिन ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून बंद करा. डोंगल फिरवणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे आहे. पुढे वाद झाला तर ज्याच्या नावाची सही त्यालाच उत्तर द्यावे लागते. टेबलाच्या काचेखाली पासवर्डाची चिठ्ठी दिसली, तर ती काढून टाकण्याआधी त्या माणसाला पासवर्ड लक्षात का राहत नाही ते विचारा. बहुधा त्याचे लॉगिन दुसराच कोणीतरी चालवत असतो.

## टप्पा ५: वेळ निवडा

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये सुरुवात करू नका, कारण मार्च एण्डला अनुदान खर्ची टाकण्याच्या धावपळीत कोणी नवे शिकत नाही. एप्रिल-मे हा सर्वसाधारण बदल्यांचा काळ असल्याने प्रशिक्षित माणूस निघून जातो. निवडणुकीची आचारसंहिता जवळ आली असेल तर थांबा, कारण महसूलचा सगळा कर्मचारीवर्ग त्या कामाला जुंपलेला असतो. बदलून आलेली माणसे स्थिरावल्यानंतरचे, जुलैपासून दिवाळीपर्यंतचे महिने त्यातल्या त्यात बरे. पंचनाम्यांचे संकट आले तर मात्र तारीख निःसंकोच पुढे ढकला.

सुरुवात टपालापासून करा. लेखा आणि आस्थापना ही टेबले शेवटी घ्या, कारण पगार किंवा सेवापुस्तकाच्या कामात पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला तर अख्खे कार्यालय प्रणालीविरुद्ध जाते.

## टप्पा ६: प्रशिक्षण खुर्चीवर द्या

जिल्ह्याच्या सभागृहात पडद्यावर दाखवलेले सादरीकरण परतीच्या एसटीतच विसरले जाते. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खुर्चीवर, त्याच्याच संगणकावर आणि त्याच्याच एका प्रलंबित प्रकरणावर ४० मिनिटे द्या. तीन दिवसांनी तेच पुन्हा करा, आणि या वेळी माउस त्याच्या हातात असू द्या. शिकवणारा शक्यतो शेजारच्या टेबलाचा असावा. त्याला विचारायला संकोच वाटत नाही.

शिकवण्याचा क्रम असा ठेवा: टपाल उघडणे, नस्ती तयार करणे, टिपणी लिहिणे, पुढे पाठवणे, आलेली नस्ती परत करणे. यात टिपणीवर जास्त वेळ द्या. पिवळी टिपणी कच्ची असते आणि ती बदलता येते, तर हिरवी टिपणी पुढे पाठवल्यावर खोडता येत नाही. हा फरक हातांनी करून पाहिलेला नसेल तर माणूस हिरव्या टिपणीला इतका घाबरतो की आधी कागदावर कच्चे लिहून, ते साहेबांना दाखवून, मग टंकित करतो. इथेच दुहेरी काम जन्माला येते.

दुसरी अडचण मराठी टंकलेखनाची आहे, आणि ती वरिष्ठांच्या लक्षातच येत नाही. लिपिकाने मराठीची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा रेमिंग्टन कळफलकावर दिलेली असते, आणि पुढची वीस वर्षे तो कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये झरझर काम करत आलेला असतो. ई-ऑफिसमध्ये युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच उमटणारी अक्षरप्रणाली) लागते. त्याच्यासमोर इनस्क्रिप्टचा, म्हणजे वेगळ्या मांडणीचा, कळफलक ठेवला की त्याची बोटे अडखळतात आणि तीस शब्दांचा वेग आठ-दहावर येतो. ज्याचा वेग हाच त्याचा मान होता, त्याला नवशिक्या पोरांसमोर एक बोटाने अक्षरे शोधावी लागतात. प्रत्यक्षात युनिकोडमध्येही रेमिंग्टनच्या मांडणीने टंकित करता येते. त्यासाठी फक्त संगणकावर तो कळफलक बसवून द्यावा लागतो. एका ज्येष्ठ अव्वल कारकुनांनी तीन आठवडे "मला हे जमणार नाही" असा धोशा लावला होता. कळफलक बदलून दिल्यावर त्यांनी पहिली ओळ टंकित केली, 'प्रस्तुत प्रकरणी' हे शब्द न अडखळता उमटलेले पाहिले आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. त्यानंतर त्यांनी कोणताही आक्षेप घेतला नाही.

पडताळणी: प्रत्येकाला मदतीशिवाय एक नस्ती तयार करून पुढे पाठवता आली पाहिजे. ज्याला आली नाही, त्याच्या टेबलाची सुरुवात एक आठवडा पुढे ढकला. सगळ्यांची नको.

शिपाईमामांना विसरू नका. टपाल स्कॅन करण्याचे काम ज्यांना जमेल आणि आवडेल त्यांना त्यांच्या संमतीने, लेखी आदेशाने द्या. नुसते "आता तुम्हाला काम नाही" असे वातावरण झाले, तर नस्त्यांच्या गमतीजमती सगळ्या कार्यालयाला सांगणारा पहिला माणूस तेच असतील.

## टप्पा ७: साहेबांपासून सुरुवात

पहिल्या दिवशी पहिली डिजिटल सही कार्यालयप्रमुखाची झाली पाहिजे, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने केली पाहिजे. "मला प्रिंट काढून द्या, वाचायला बरे पडते" हे एक वाक्य सगळ्या तयारीवर पाणी फिरवते, कारण ते वाक्य पंधरा मिनिटांत शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचते. डोळ्यांना त्रास होत असेल तर मोठा पडदा मागवावा. दौऱ्यावर असताना नस्त्या निकाली काढण्याची सवय लावावी. साहेब रात्री नऊ वाजता तालुक्याबाहेरून नस्ती मंजूर करतात हे दिसले की "सहीसाठी थांबलो" ही जुनी सबब उरत नाही, आणि प्रणालीचा फायदाही कोणी समजावून सांगावा लागत नाही.

कागदी नस्ती घेऊन कोणी दालनात आले तर ती न वाचता, पण न रागावता परत द्यावी. एका तातडीच्या प्रकरणात अपवाद केला की दुसऱ्या दिवसापासून सगळीच प्रकरणे तातडीची होतात.

## टप्पा ८: नोंदवही बंद करा

सर्वांत जास्त कार्यालये या टप्प्यावर अडकतात. खबरदारी म्हणून जुनी नोंदवही चालू ठेवली जाते, आणि दोन्हीकडे लिहिणारा माणूस साहजिकच प्रणालीला दुप्पट कामाचे कारण समजतो. दोन्ही पद्धती एकत्र चालवण्याची मुदत आदेशातच लिहा. माझ्या मते ती १५ दिवसांपेक्षा जास्त असू नये.

ठरलेल्या दिवशी आवक नोंदवहीतील शेवटच्या नोंदीखाली लाल शाईने रेघ ओढा. तिच्याखाली "येथून पुढील नोंदी ई-ऑफिस प्रणालीत" असे तारखेसह लिहा आणि तहसीलदारांनी सर्वांसमोर सही करावी. वही त्याच दिवशी अभिलेख कक्षात जमा करा. ती टेबलावर राहिली तर सोमवारी कोणीतरी तिच्यात नोंद करणारच. कर्नाटकात भूमी हा जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रकल्प राबवताना तालुक्याचे संगणकीकरण पूर्ण झाले की तिथल्या हस्तलिखित उताऱ्यांची वैधताच अधिसूचनेने संपवली गेली. मागे फिरण्याचा रस्ता बंद झाल्यावरच नवी पद्धत रुळली.

जुन्या नस्त्यांचे काय करायचे, यावर फार काथ्याकूट होतो. अभिलेख कक्षातील सगळे स्कॅन करण्याच्या मागे लागू नका. नवे प्रकरण नव्या पद्धतीने सुरू करा. चालू कागदी नस्ती पुढे न्यायची असेल तर तिच्यातील शेवटचा आदेश आणि आवश्यक कागद तेवढेच स्कॅन करून नव्या ई-नस्तीला जोडा आणि कागदी नस्तीवर ई-नस्तीचा क्रमांक लिहून ती बंद करा. सहा गठ्ठा पद्धतीने (कागद ठरलेल्या सहा गठ्ठ्यांत वर्गवारी करून) दप्तर लावलेले असेल तर हे काम दोन दिवसांचे आहे. नसेल, तर आधी दप्तर लावा. विस्कटलेले दप्तर संगणकात घातले तर संगणकात विस्कटलेले दप्तर मिळते.

इशारा: नोंदवही बंद केल्यानंतर वरिष्ठ कार्यालयाने तीच माहिती जुन्या कागदी विवरणपत्रात मागितली, तर ती प्रणालीतून काढून द्या. कर्मचाऱ्याला पुन्हा हाताने भरायला लावू नका. वरिष्ठांशी या विषयावर एकदा वाईटपणा घ्यावा लागला तरी तो कार्यालयप्रमुखानेच घ्यावा.

## टप्पा ९: दर आठवड्याला तीन गोष्टी मोजा

किती नस्त्या तयार झाल्या हा आकडा फसवा असतो, कारण तो वाढवणे सोपे असते. त्याऐवजी सोमवारच्या बैठकीत १५ मिनिटे पुढील तीन गोष्टी पाहा. प्रिंटरला आठवड्यात कागदाचे किती रिम लागले? किती लॉगिन त्याच्या मालकाच्या गैरहजेरीत, म्हणजे रजेच्या दिवशी वापरले गेले? आणि परत आलेल्या नस्त्यांचे कारण काय होते? कागदाचा खप घटला नसेल तर दुहेरी काम चालू आहे, मग अहवाल काहीही म्हणोत. पहिल्या बैठकीत अधिकाऱ्यांच्या टेबलावरील प्रलंबित नस्त्या आधी वाचाव्यात, मग इतरांच्या.

## टप्पा १०: बदलीची तयारी

शासकीय सेवेत सर्वसाधारणपणे तीन वर्षांनी अधिकारी बदलतो, आणि बऱ्याचदा त्याआधीही. "ते साहेब गेले की हे बंद पडेल" असा हिशेब करून गप्प बसलेले काही लोक प्रत्येक कार्यालयात असतात, आणि आजवरचा अनुभव पाहता त्यांचा हिशेब चुकीचाही नसतो. म्हणून प्रत्येक टेबलाचे काम जाणणारी दोन माणसे सुरुवातीपासून तयार ठेवा. पदभार हस्तांतरणाच्या यादीत बंद केलेल्या नोंदवह्यांची नावे, बंद केल्याची तारीख आणि टप्पा ४ ची सूचना जोडा. नवीन अधिकाऱ्याचे लॉगिन आणि डीएससी ते रुजू होण्यापूर्वी मागवून ठेवा. ते मिळायला दहा दिवस लागले, तर त्या दहा दिवसांत कागदी नस्त्या पुन्हा सुरू होतात आणि अभिलेख कक्षातून ती लाल रेघ ओढलेली वहीही परत टेबलावर येते.